फटफटी आफ्रिकेला न्यायची आहे

आलापल्ली, ९ जानेवारी १९५५

शेठनी नव्या वर्षाची डायरी दिली. गेल्या वर्षीचीही दिली होती, ती कोरीच राहिली आणि वच्छलाने तिची पानं फाडून चुलीत घातली. यंदा लिहायला कारण आहे. आफ्रिकेचं नक्की झालं.

प्रेमजी शेठचा थोरला भाऊ टांगानिकात असतो. दारेसलामहून बरंच आत, जंगलात, त्याची मोठी आरागिरणी आहे. त्याला मजूर कामाला लावणारा आणि कोणाला न भिणारा माणूस हवाय. शेठनी त्याला कळवलं की असा माझ्याकडे एकच आहे, आमचा नानाजी मुन्शी. दहा वर्षं मी त्यांची सागवानाची कूपं, म्हणजे जंगलातले तोडणीचे पट्टे, सांभाळतोय, एवढं तर त्यांनी म्हणायलाच पाहिजे. मात्र तिकडे एका कूपातून दुसऱ्यात जायचं तर दिवस मोडतो, म्हणून अट अशी की माणसाजवळ स्वतःची फटफटी हवी. नसेल तर जागा दुसऱ्याला.

फटफटी आहे. कामठीच्या लष्करी लिलावात घेतलेली बी.एस.ए., हिरवी होती ती मी काळी करून घेतली. मुंबईचा एजंट म्हणतो की तिकडे राहायला जाणाऱ्याची स्वतःच्या वापरातली गाडी जकातीशिवाय उतरवून घेतात, पण ती त्याच्या नावावर पुरं वर्षभर असली पाहिजे आणि चालती असली पाहिजे. नाहीतर जकातीतच माणूस धुऊन निघतो. माझं वर्ष बारा एप्रिलला भरतं, आगबोट पाच मेला सुटते. तोवर गाडीवर ओरखडा उठता कामा नये.

वच्छला तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिथी आपलं कोनी अशीन का?" मी म्हटलं, मी आहे ना. यावर ती पुन्हा सुपात बघायला लागली. बायकोला आनंद दाखवता येत नाही, त्याला मी काय करू.

१७ जानेवारी

आज एका गाडीवानाची चांगली जिरवली. लाकडाच्या डेपोकडे येताना बैलगाडी रस्त्याच्या मधोमध. हॉर्न दिला, शिव्या दिल्या, तरी बाजूला घेईना. म्हणे बैल आवाजाला बुजतात. बुजतात तर बुजू दे. मी शेजारून फटफटी घातली आणि जाता जाता डावीकडच्या बैलाच्या तोंडावर वेताची छडी ओढली. बैल उधळला, गाडीसकट खाली नाल्यात गेला. मागून हाडाचा आवाज आला तो इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

डेपोत संध्याकाळी कळलं की बैलाचे पुढचे दोन्ही पाय गेले, मालकाने स्वतःच कुऱ्हाड घालून त्याला मोकळा केला आणि मग नाल्यात बसून रडला. वाईट झालं. पण त्या गडबडीत माझ्या मडगार्डचा रंग उडाला त्याचं कोणाला काही नाही. दिवा लागेपर्यंत रंग देत बसलो.

३ फेब्रुवारी

फटफटी घालून न्यायला सागाची पेटी करायला टाकली. शेठनी लाकूड दिलं आणि वर एक अट घातली. हे कूप मोकळं करून, शेवटचा ओंडका डेपोत आणून मगच जायचं. पावसाळ्याआधी माल निघाला नाही तर शेठ बुडतील, आणि शेठ बुडत असताना ते भावाला चिठ्ठी कशाला देतील? मी म्हटलं, एप्रिलच्या मध्यावर कूप झाडून देतो.

लालसू आहे तोवर मला काळजी नाही. लालसू म्हणजे कोडसेपल्लीचा माडिया, आमच्या तोडणीवाल्यांचा म्होरक्या. तो कुऱ्हाड घेऊन निघाला की मागून सगळं गाव निघतं, आणि तो बसला की गाव बसतं. मागच्या दिवाळीनंतर अस्वलाने माझा खांदा फाडला तेव्हा याच लालसूने त्याच्या मानेत कुऱ्हाड घातली. अस्वल माझ्या अंगावरच मेलं. त्याचं गरम रक्त माझ्या तोंडात गेलं होतं, ती चव अजून कधी कधी येते. लालसूने मला अस्वलाखालून ओढून काढलं आणि हसला. मला तो आवडतो. त्याला आफ्रिकेला नेता आलं असतं तर नेला असता.

११ फेब्रुवारी

वच्छलाने ओलं लुगडं फटफटीच्या हँडलवर वाळत घातलं. दिवसभर पाणी ठिबकत राहिलं, क्लचच्या तारेला तांबेरा धरला. एकच दिली. बांगडी फुटून मनगटाला लागलं, तर हळद लावून लगेच चुलीपाशी जाऊन बसली. हूं नाही की चूं नाही. हा तिचा गुण मात्र मानला पाहिजे.

१९ मार्च

घात झाला. मोह पडायला लागला आणि कूप रिकामं झालं. पहाटेपासून बाया, पोरं, म्हातारे सगळे आपापल्या झाडाखाली फुलं वेचायला. तोडणीला आज फक्त आठ माणसं होती, त्यातली तीन तापाने फणफणलेली. लालसूही नाही. त्याने धाकट्या भावाला, चैतूला, पाठवलं. चैतू उभ्या उभ्या सांगून गेला की फूल संपेपर्यंत आणि त्यापुढचं पंडुम होईपर्यंत, म्हणजे त्यांचा सण, कोणी येणार नाही.

हे दरवर्षीचं आहे, मला माहीत नाही असं नाही. पण दरवर्षी मला आफ्रिकेला जायचं नसतं. चैतूच्या कानाखाली वाजवली. तो गाल न चोळता निघून गेला. रात्रभर झोप येणार नाही असं दिसतं.

२४ मार्च

झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी फटफटीवर कोडसेपल्लीला गेलो. वाटेत चेन सैल झाली ती आवळली, मोठा पाना हातातच राहिला. लालसू आपल्या मोहाखाली बायकोबरोबर, सोमारीबरोबर, फुलं वेचत होता. मी चांगल्या शब्दांत सांगितलं की आज कूपात चल, तू आलास की बाकीचे येतील, माझ्या जन्माचा प्रश्न आहे. तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "फूल पडून राह्यलं, मुन्शी. झाडाले थांब म्हनता येत नाई."

दंड धरून ओढला. त्याने हात झटकला. या जंगलात माझा हात आजपर्यंत कोणी झटकला नव्हता, आणि याने बायांसमोर झटकला. मग पाना बसला, कानाच्या वर. एकदाच.

तो खाली बसला. पुन्हा उठला, फुलांची टोपली उचलून सावलीत ठेवली आणि पुन्हा बसला. मला वाटलं सोंग करतो. तेवढ्यात कानातून रक्त यायला लागलं, काळं, घट्ट. सोमारी ओरडत गावाकडे पळाली. मी त्याला मागच्या सीटवर घातला, दुपट्ट्याने माझ्या पाठीशी आवळून बांधला आणि अहेरीच्या दवाखान्याचा रस्ता धरला. हे कोणी विसरू नये. मी त्याला टाकून पळालो नाही.

आलापल्लीला घरी थांबलो. पेट्रोल थोडं होतं, आणि माझा शर्ट पाठीमागून पार भिजला होता, तसा दवाखान्यात कसा जाणार. त्याला अंगणात कुडाला टेकवून बसवला. वच्छलाने गडव्याने पाणी पाजलं. तो तिच्याजवळ काहीतरी पुटपुटत होता, मी आत शर्ट बदलत होतो. मग पेट्रोल भरलं. पेट्रोल फडक्यातून गाळून भरावं लागतं, घाई केली तर कचरा कार्बोरेटरमध्ये जातो.

नागेपल्ली ओलांडली आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. अस्वलाने फाडलेल्याच खांद्यावर. मी दोनदा हाका मारल्या.

मेलेला माणूस दवाखान्यात नेऊन काय करायचं? ठाणं, पंचनामा, बयानं. पासपोर्ट हातात आलेला असताना हे कोण ओढवून घेईल? नाल्यावर सीट धुतली आणि फटफटी वळवली. कोडसेपल्लीत नेऊन दिला. त्यांचा गावमुख्य जंगू गायता पुढे आला. मी सांगितलं, दवाखान्यात नेत होतो, वाटेत फटफटीवरून पडला. तांदूळ पाठवतो, दारूचं बघतो, ठाण्यात जायची काही गरज नाही. मी एकटा, ते साठ-सत्तर जण, सगळ्यांजवळ कुऱ्हाडी. तरी वाट दिली.

शर्ट वच्छलाला धुवायला टाकला. डाग जात नाही म्हणते.

२८ मार्च

दुपारपासून कोडसेपल्लीकडून ढोल ऐकू येतोय. डेपोतला चौकीदार म्हणाला की लालसूच्या आठवणीचा दगड उभा करतायत. सहा मैलांवरून इतका स्पष्ट कसा येतो कोण जाणे. बंदुकीत छर्रे भरून ती दाराशी ठेवली आहे.

चौकीदाराने काही कारण नसताना विचारलं, मुन्शीजी, बरं नाही का? त्याला इतका झोडपला की दात पडला. नंतर मीच त्याला मीठ-पाणी दिलं.

२ एप्रिल

आज चैतू आला. भरदिवसा, कुऱ्हाड खांद्यावर. मी बंदूक हातात घेऊन ओसरीवर उभा राहिलो, तर तो अंगणात उकिडवा बसला. वच्छला दारात होती. त्याने फक्त एक विचारलं.

"मुन्शी, माह्या भावाले कोनं मारलं?"

या लोकांत एक वेडगळ रीत आहे. कोणाच्या हातून खून झाला की तो लपत नाही. जशीच्या तशी कुऱ्हाड खांद्यावर घेतो, दहा कोस चालत ठाण्यात जातो आणि सांगतो की मी मारलं. पोलिसांना तपासच करावा लागत नाही, त्यावर ते हसतात. मला वाटतं चैतू माझ्याकडून तसलं काही ऐकायला आला होता. वाट बघत बसला होता, घाई नव्हती. मी काय माडिया आहे?

मी म्हटलं, "फटफटीनं मारलं."

"फटफटीनं?"

"हो. फटफटीवरून पडला, डोकं आपटलं."

तो बराच वेळ फटफटीकडे बघत राहिला. मग वच्छलाकडे बघितलं. मग म्हणाला, "मेल्या मानसाचं कोनी खोटं सांगत नाई. तू सांगतलं, आमी धरलं." उठला आणि गेला. बंदूक उचलावी लागली नाही.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. उगाच आठवडाभर जेवण गेलं नाही. वच्छला मात्र तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी म्हटलं, ऐकलंस ना, कोणी विचारलं तर हेच सांगायचं. तिने मान हलवली.

१२ एप्रिल

वर्ष भरलं. आजपासून फटफटी कायद्याने माझ्याबरोबर समुद्रापार येऊ शकते. नारळ फोडला, हँडलला झेंडूची माळ घातली. कूपाचंही जमलं. शेठनी सिरोंच्याकडून तेलंगी मजूर आणले, ते मोह वेचत नाहीत. शेवटचे ओंडके ओढले जातायत. शेठ स्वतः म्हणाले, नानाजी, तू मोकळा. लालसू त्या दिवशी फटफटीवरून पडला नसता तर हे सगळं पंधरा दिवस आधी झालं असतं.

वच्छलाला म्हटलं, चल, अहेरीला देवीचं दर्शन घेऊन येऊ, एवढी मोठी गोष्ट झाली. लुगडं नेसून बाहेर आली आणि फटफटीपाशी थांबली.

"मी नाई बसत. त्या जागेवर मानूस मेला."

मी म्हटलं, मग बल्लारशाच्या टेसनापर्यंत काय उडत येणार आहेस? पुन्हा म्हणाली, नाई बसत. माळ घातलेल्या गाडीसमोर, शेजारी बघत असताना. कमरेचा पट्टा काढला. कितीदा बसला ते मोजलं नाही. शेवटी माझाच हात दुखला. ती खाली पडली तरी फटफटीच्या बाजूला नाही, उलट्या बाजूला पडली.

एकटाच दर्शनाला गेलो.

२१ एप्रिल

फटफटी मेली. दुसरा शब्द सुचत नाही.

आज बाजार. पेटी बांधायला सुंभाचा दोर घ्यायला गेलो होतो. फटफटी चिंचेखाली उभी केली, दोरवाल्याशी घासाघीस करत होतो, आणि काच फुटल्याचा आवाज आला. वळून बघतो तर चैतू. कुऱ्हाडीचा पहिला घाव दिव्यावर घातलेला. मी पोचेपर्यंत दुसरा टाकीवर. पेट्रोल भळभळ वाहायला लागलं, वास सगळ्या बाजारात पसरला, मिरचीवाल्या बाया टोपल्या टाकून पळाल्या.

मी बांबूची काठी उचलली आणि त्याला मारायला लागलो. गुरासारखा मारला. पाठीवर, मानेवर, मांड्यांवर. काठी चिरली, त्याची पाठ चिरली, रक्त धोतरापर्यंत आलं. तो एकदाही माझ्याकडे वळला नाही. मला मारायचं असतं तर कुऱ्हाड फक्त फिरवायची होती, हातभर अंतरावर होतो. तो फटफटीलाच मारत होता, घाईने नाही, झाड पाडतात तसा, जागा बघून. चाकांच्या तारा तुटून उडाल्या. सीट उसवून आतला काथ्या बाहेर आला. शेवटी त्याने इंजिनावर कुऱ्हाडीची मागची बाजू घातली. बीड फुटलं. काळं तेल मातीत गेलं.

मी बाजाराकडे बघून ओरडलो, अरे धरा त्याला. शंभर माणसं होती, माझ्याकडून रोजी घेतलेली, माझ्याकडून तंबाखू खाल्लेली. कोणी हललं नाही. तो नाल्यात बैल पडलेला गाडीवानही तिथेच होता, कांदे विकत होता.

तेल वाहायचं थांबलं तसा चैतू थांबला. कुऱ्हाड गवताला पुसली, खांद्यावर घेतली आणि अहेरीच्या रस्त्याला लागला. मी मागून चालत होतो, आईबापावरून शिव्या देत, ढेकळं मारत. त्याला लागत होती. तो चालतच राहिला, आणि कुठे जातोय ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला एवढ्या दुःखातही हसू फुटलं. गाढव स्वतःच्या पायांनी ठाण्यात जात होता.

२२ एप्रिल

काल ठाण्यात जे झालं ते लिहायला काल त्राण नव्हतं.

चैतूने ठाणेदाराच्या टेबलावर कुऱ्हाड ठेवली आणि म्हणाला, "मी मारलं." ठाणेदार दुबे साहेब जबलपूरकडचे, भले गृहस्थ. त्यांनी विचारलं कोणाला. म्हणाला, मुन्शीच्या फटफटीले. सगळं ठाणं हसलं. दुबे म्हणाले, "अरे भाई, फटफटीच्या खुनाले कोनती दफा लावू?" चैतूची पाठ बघून त्यांनी शिपायाला तेल आणायला सांगितलं.

पण मला हसण्यावारी न्यायचं नव्हतं. चालत येताना माझं डोकं चालू होतं. आगबोट अजून सुटलेली नाही. गाडी माझ्या चुकीने नाही, दुसऱ्याने सूड म्हणून फोडली, असा पोलिसांचा पक्का कागद असला तर एजंट काही खटपट करेल, शेठचा भाऊ निदान जागा तरी राखून ठेवेल. म्हणून मीच आग्रह धरला. दुबे नुसती नुकसानीची नोंद करून चैतूला दोन थपडा मारून सोडायला निघाले होते. मी म्हटलं, साहेब, असं नाही चालायचं. त्याने का फोडली ते त्याच्या तोंडून लिहून घ्या, सगळं, पहिल्यापासून.

दुबे कंटाळून म्हणाले, बोल बाबा, काऊन मारलं?

चैतू म्हणाला, "तिनं माह्या भावाले मारलं."

"कोन म्हनते?"

"मुन्शी म्हनते. आमी म्हनत नाई. आमच्या गावात दुसरं म्हनते. पन मारनाराले इचारा लागते. मुन्शीले इचारलं, त्यानं फटफटीचं नाव घेतलं. मंग मले तिलेच मारा लागलं."

दुबे साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग फार अवांतर विचारत बसले. भाऊ कोणता, कधी मेला, त्याची खबर ठाण्यात का नाही, गावात दुसरं म्हणतात म्हणजे काय म्हणतात, भावाची बायको कुठे आहे. मी मध्ये मध्ये सांगत होतो की साहेब, तो अपघात होता, विषय फटफटीचा आहे. ते हो हो म्हणत लिहीतच होते. पुष्कळ लिहिलं. तक्रारदार म्हणून मी खाली सही केली. चैतूने अंगठा दिला.

निघताना त्यांनी पासपोर्ट मागितला, नंबर उतरवून घ्यायचा म्हणाले, दोन दिवसांत परत देतील. आणि माडियांचा भरवसा नाही म्हणून माझ्या राखणीला एक शिपाई बरोबर दिला. तो ओसरीवर मुक्कामाला आहे. माणसाला ओळख असावी ती अशी.

चैतूला कोठडीत ठेवलंय. बरं झालं.

२४ एप्रिल

काल दुबे साहेब कोडसेपल्लीला जाऊन आले असं ऐकलं. आज सकाळी इथे आले. अंगणात बाज टाकली. मला म्हणाले, तुम्ही शिपायाबरोबर बाजारात जाऊन गाडीचे तुकडे मोजून दाखवा, यादी करायची आहे. मी गेलो. टाकी कोणीतरी पळवली होती, मागचं चाक तेवढं धड होतं. गाडीपाशी बसून राहिलो. मला रडू आलं, इथे लिहायला लाज नाही. एवढी देखणी गाडी मी पुन्हा कुठून आणू? समुद्र मी अजून बघितलेला नाही. तिकडे मला कोणी ओळखलं नसतं, तिकडे सगळं नव्याने झालं असतं.

परत आलो तर दुबे गेले होते. वच्छला अंगण झाडत होती. पट्ट्याचे वळ उतरले आहेत, फक्त दंडावर एक राहिलाय.

जेवायला बसलो. तिने भात वाढला, वरण वाढलं. मी विचारलं, साहेबांनी काही विचारलं का? तिने हो म्हटलं. मी म्हटलं, मग शिकवल्याप्रमाणे सांगितलंस ना, फटफटीवरून पडला म्हणून?

तिने वरणाची वाटी खाली ठेवली आणि सरळ उभी राहिली.

"नाई. लालसूभाऊनं पानी पेताना मले जे सांगतलं, थे सांगतलं. शर्ट बी देऊन देला."

शर्ट तिने जाळला असं मला म्हणाली होती. महिनाभर ठेवला होता कुठे, कोण जाणे.

मी ताटावरून उठलो आणि हात उगारला. ती मागे सरली नाही. दरवेळी सरते. मागून बुटांचा आवाज आला. शिपाई ओसरीवरून आत आला होता, दार अडवून उभा होता, काठी दोन्ही हातांत धरून. मोठ्याने बोलला नाही. म्हणाला, "बसा, मुन्शीजी. जेवन करून घ्या. मंग आपल्याले निघायचं हाय."

तो तिच्याकडे बघतही नव्हता, फक्त माझ्या हाताकडे बघत होता. गेले तीन दिवस तो माझ्यावर पहाऱ्याला आहे, माझ्या राखणीला नाही. हे मला आत्ता, उष्ट्या हाताने उभा असताना कळलं. मला भीती वाटते. अस्वल अंगावर आलं तेव्हाही अशी वाटली नव्हती, कारण तेव्हा लालसू होता.

हात खाली घेतला. खाली बसलो आणि तिने वाढलेला भात खाल्ला. जायच्या आधी एवढं लिहू द्या म्हटलं तर शिपाई म्हणाला, लिहा.